न शिकवता सही करू नका : हॉटेलांतल्या डिपार्टमेंट हेड मंडळींना खुलं पत्र

प्रति,
सगळे एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर, शेफ, एफ अँड बी (खाणंपिणं आणि सर्व्हिस) आणि फ्रंट ऑफिसचे मॅनेजर, ट्रेनिंगवाले, एचआरवाले,

नमस्कार.

तुमच्यातले बरेच जण हे ब्रेकफास्ट आवरून लंच लागायच्या आत, मोबाईलवर, उभ्याउभ्याच वाचणार हे मला माहितीये, म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकते. कॉलेजातनं ट्रेनिंगला आलेल्या शिकाऊ पोरापोरींच्या लॉगबुकात, म्हणजे काय काय शिकलं ते लिहायच्या वहीत, आपण ज्या सह्या ठोकतो त्यातल्या बऱ्याचशा खोट्या असतात. खोट्या म्हणजे सही आपलीच, तारीखही बरोबर, फक्त त्या ओळीत जे लिहिलंय ते आपण त्याला कधी शिकवलेलंच नसतं. हे मी बाहेरून कुणावर बोट ठेवायला लिहीत नाहीये, मी तुमच्यातलीच आहे, हाउसकीपिंगमध्ये आहे, आणि गेल्या मंगळवारी मीच अशा 22 आठवड्यांच्या सह्या चार मिनिटांत केल्या, लिनन रूमच्या, म्हणजे चादरी-टॉवेलच्या खोलीच्या, काउंटरला टेकून, एका हातात फोन आणि फोनवर फ्रंट ऑफिस, की मॅडम ती रूम अजून व्हेकंट डर्टीच, म्हणजे रिकामी पण साफ न झालेली, का दिसतेय.

पोरगं गुणी. वही घेतली, थँक्यू म्हणालं, दारापर्यंत गेलं आणि परत आलं. म्हणे मॅडम एक विचारू का, पार स्टॉक म्हणजे नक्की काय हो, पान 14 वर मीच लिहिलंय पण ते मी सीनियरच्या वहीतनं उतरवलंय.

त्या पानावर माझी सही होती. शाई अजून ओलीच असेल.

मी त्याला सांगितलं, काय मोठं अवघड आहे त्यात, हॉटेलचे सगळे बेड एकदा सजवायला जेवढं लिनन लागतं तो झाला एक पार, पण एकावर भागत नाही कारण एक संच बेडवर असतो, एक लॉन्ड्रीत आणि एक शेल्फवर, शिवाय धुवून आलेली चादर लगेच न वापरता 24 तास तरी पडू दिली तर जास्त टिकते, म्हणून तीन-चार पार तरी धरायचे, वर फाटणं-हरवणं वेगळं. सांगायला दीड मिनिट लागलं असेल. 22 आठवड्यांत आमच्याकडे दीड मिनिट नव्हतं.

आता मी स्वतः शिकाऊ होते तेव्हाचं सांगते. पहिले 11 दिवस मी फक्त टॉवेल मोजले. दहा-दहाचे गठ्ठे करायचे, घडीची बंद बाजू सगळी एकीकडे ठेवायची, आणि एक जरी उलटा गेला की सुपरवायझर बाई अख्खा गठ्ठा खाली ढकलायच्या. मला वाटायचं ही बाई विक्षिप्त आहे. ट्रेनिंग संपून दीड वर्षानं स्वतः स्टॉकटेक करायची वेळ आली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की घड्या एका बाजूला असल्या तर मोजणी हात न लावता नुसत्या नजरेनं होते आणि शेकडो टॉवेल काही मिनिटांत संपतात. बाई बरोबरच होत्या, पण त्यांनी ते बोलून दाखवायला काय हरकत होती हे मला आजही कळलेलं नाही. ढकलायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात सांगून झालं असतं.

आपल्या धंद्यातली निम्मी अक्कल ही अशी क्रमात लपलेली असते आणि क्रम नुसता पाठ केला की ती दिसत नाही. चेकआउट रूमचंच घ्या. आत गेल्यावर पडदे-खिडक्या उघडायच्या, मग पहिल्यांदा टॉयलेट बाउलमध्ये क्लीनर ओतून यायचं आणि मगच बेड स्ट्रिप करायला, म्हणजे वापरलेल्या चादरी काढायला, घ्यायचा, का, तर केमिकलला काम करायला थोडा वेळ लागतो आणि तो वेळ आपण बेडवर वापरतो, नाहीतर नंतर ब्रश घेऊन घासत बसा. बेड आधी आणि डस्टिंग नंतर, कारण चादर झटकली की तंतू आणि धूळ उडून फर्निचरवरच बसते. डस्टिंग वरून खाली. व्हॅक्युम सगळ्यात शेवटी आणि आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे मागे मागे येत, म्हणजे आपल्याच पावलांचे ठसे कार्पेटवर राहात नाहीत. हे एवढं समजलेली मुलगी रूम बदलली, बेड उलटा लावलेला असला, बाथरूम दुसऱ्या बाजूला असलं तरी अडत नाही. नुसतं पाठ केलेली मुलगी सूटमध्ये, म्हणजे अनेक खोल्यांच्या मोठ्या रूममध्ये, गेली की गोंधळते, आणि मग आपणच म्हणतो की हल्लीच्या पोरांना डोकं चालवायला नको.

आणि काही गोष्टी तर न सांगणं म्हणजे सरळ सरळ धोका आहे. ट्रॉलीवरच्या बाटल्यांवर नंबर असतात, रंग असतात, शिकाऊला पहिल्या दिवशी सांगतात की ही बाउलला, ही काचेला, ही फर्निचरला, झालं. ब्लीच आणि ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो हे किती जणांना पहिल्या दिवशी सांगितलं जातं? ब्लीच आणि अमोनियावालं काही मिसळलं तरी विषारी वायूच. डाग निघेना म्हणून दोन बाटल्या एकत्र ओतणं हे उत्साही पोराच्या अगदी सहज हातून होणारं काम आहे, दार लावलेलं, बाथरूम छोटं, एक्झॉस्ट बंद. मी एका मुलीला खोकत खोकत कॉरिडॉरमध्ये बसलेलं बघितलंय, नशीब चांगलं म्हणून तेवढ्यावरच निभावलं. तिच्या वहीत 'केमिकल हाताळणी' या ओळीपुढे सही होती, तारीख त्याच आठवड्यातली.

तसंच फडक्यांचं, बाउलचं फडकं वेगळ्या रंगाचं का, तर ते चुकूनही बेसिनला किंवा पाणी प्यायच्या ग्लासला लागू नये म्हणून. ग्लास बाथरूमच्या बेसिनमध्ये खंगाळून परत ठेवायचा नाही, तो खाली वॉशिंगलाच पाठवायचा. हे सांगायला लागतं. आपल्याला वाटतं ही तर साधी गोष्ट, पण ती आपल्याला साधी वाटते कारण आपल्याला कधीतरी कुणीतरी ओरडलेलं असतं.

किचनचा माझा अनुभव तीन आठवड्यांचा आणि शेफ लोकांनो तुमचा राग मान्य करून सांगते. मला एकदा सांगण्यात आलं की ते स्टॉकचं, म्हणजे सूप-सॉससाठी उकळून काढलेल्या पाण्याचं, पातेलं वॉक-इनमध्ये, म्हणजे आत चालत जाता येतं त्या मोठ्या फ्रीजमध्ये, ठेवून दे. ठेवलं. गरम गरम, कंबरेएवढं मोठं, झाकण लावून. त्यानंतर जे काही ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि चूक होतीच माझी, पण कारण मला कुणी त्या दिवशीही सांगितलं नाही, फक्त शिव्या मिळाल्या. ते मी नंतर वाचून काढलं. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस हा जंतू वाढायचा पट्टा, एवढं मोठं पातेलं फ्रीजमध्येसुद्धा मधोमध कित्येक तास कोमट राहतं आणि आजूबाजूच्या सगळ्या मालाचं तापमान चढवतं ते वेगळंच. अमेरिकेच्या फूड कोडमध्ये तर स्पष्ट आकडे दिलेत, शिजवलेला पदार्थ 57 वरून 21 अंशावर दोन तासांत आणि तिथून 5 अंशावर पुढच्या चार तासांत यायला पाहिजे, म्हणून उथळ ट्रेमध्ये ओता, बर्फाच्या पाण्यात ठेवा, ढवळत राहा. शेफना हे झोपेत विचारलं तरी येतं. मग त्या दिवशी ओरडून झाल्यावर पाच मिनिटं थांबून ते सांगितलं असतं तर ती ओरड वाया गेली नसती.

सर्व्हिसचं एकच सांगते. गेस्टनं विचारलं की यात शेंगदाणे किंवा नट्स आहेत का, तर शिकाऊ पोरगा घाबरून 'नाही' म्हणतो कारण 'मला माहीत नाही' म्हणणं म्हणजे कमीपणा असं त्याला आपणच वाटायला लावलेलं असतं, ग्रूमिंगच्या वेळी शूज चकाकतात का ते बघतो पण 'थांबा, किचनला विचारून सांगतो' हे वाक्य कुणाकडून घोटून घेत नाही. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या जिवाशी तो खेळ होऊ शकतो.

फ्रंट ऑफिसवाल्यांनो, तुमच्याकडे चेक-इनला रूम नंबर मोठ्यानं बोलायचा नाही, की-कार्डच्या पाकिटावर लिहून बोटानं दाखवायचा, हे छान शिकवतात, पण कशासाठी ते सांगत नाहीत, मग पोरांना वाटतं ही एक स्टाईल आहे. एकट्या आलेल्या बाईचा नंबर लॉबीतल्या दहा जणांनी ऐकू नये म्हणून आहे ते, असं एकदा सांगितलं की ते पोरगं लिफ्टमध्येसुद्धा नंबर उच्चारणार नाही. कारण कळलं की नियम आपोआप आणखी चार ठिकाणी लागू पडतो.

आता थोडं इतिहासात जाते, कारण ओरिएंटेशनच्या दिवशी आपण सगळेच जातो. सेझार रिट्झची गोष्ट. स्वित्झर्लंडमधल्या खेड्यात 1850 साली जन्मलेला, तेरा भावंडांतलं शेंडेफळ, ब्रिग गावातल्या हॉटेलात वाइन वेटरचा शिकाऊ म्हणून लागला आणि मालकानं त्याला हा धंदा तुझ्या अंगात नाही म्हणून काढून टाकलं असं सांगतात, आणि 1898 मध्ये त्याच माणसानं पॅरिसला स्वतःच्या नावाचं हॉटेल उघडलं. टाळ्या. नवी पोरं भारावतात. मला मात्र ही गोष्ट ऐकताना दर वेळी त्या ब्रिगच्या मालकाबद्दल कुतूहल वाटतं, त्यानं काढायच्या आधी रिट्झला शिकवलं काय काय? हे कुणी विचारत नाही. आपण ही गोष्ट सांगतो तेव्हा जिद्दीचं सगळं ओझं शिकाऊच्या डोक्यावर टाकून मोकळे होतो, आणि गोष्टीत आपण असलोच तर त्या मालकाच्या जागी आहोत हे सोयीनं विसरतो.

त्याच रिट्झबरोबर लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात काम केलेला फ्रेंच शेफ ऑग्युस्त एस्कॉफिये, तोसुद्धा 13 व्या वर्षी नीसमध्ये काकाच्या रेस्टॉरंटात शिकाऊ म्हणून लागलेला. त्यानं मोठ्या किचनची नीट घडी बसवली, सॉसचा वेगळा, थंड पदार्थांचा वेगळा, बेकरीचा वेगळा, प्रत्येक सेक्शनला एक प्रमुख, ज्याला आपण ब्रिगेड म्हणतो आणि जे थोड्याफार फरकानं आजही जगभर चालतं. हॉटेलच्या दृष्टीनं उत्तम व्यवस्था आहे, ऑर्डर पटापट निघतात. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीनं बघा, ज्याला जिथं उभं केलं तिथला तो होऊन जातो, भाजीचा तो भाजीचाच, त्याला प्लेट पूर्ण झालेली पासवर, म्हणजे तयार प्लेटा ठेवायच्या काउंटरवर, पण दिसत नाही. हाउसकीपिंगमध्येही तेच, पब्लिक एरियाला टाकलेला पोरगा सहा महिने पितळच पुसतो. यावर उपाय एकच, रोटेशन, म्हणजे पोरांना आळीपाळीनं सगळीकडे फिरवणं, आणि रोटेशनचाच आपण सगळ्यात आधी बळी देतो. एक पोरगी चांगली ट्रे उचलायला लागली की एफ अँड बी मॅनेजर तिला सोडत नाही, बँक्वेट आहे, सीझन आहे, पुढच्या महिन्यात पाठवतो. वहीत मात्र चारही डिपार्टमेंट भरलेली असतात. अहो, कामात हुशार असण्याची ही कसली शिक्षा!

ड्युटीबद्दलही बोलायलाच पाहिजे, कारण थकलेल्या डोक्यात काही शिरत नाही. ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी ब्रेकफास्ट-लंच, दुपारी तीन-चार तास अधांतरी, परत डिनर. ज्यांची राहायची जागा लांब आहे ती पोरं ती दुपार लॉकर रूमच्या बाकावर काढतात, कागदावर आठ तास आणि प्रत्यक्षात अख्खा दिवस हॉटेलात. रोस्टर रात्री दहाला ग्रुपवर पडतं, उद्याच्या सहाच्या शिफ्टचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा हॉटेल-रेस्टॉरंटमधल्या कामाच्या परिस्थितीबद्दल एक करार आहे, 1991 चा, क्रमांक 172, त्यात लिहिलंय की शक्य असेल तेव्हा कामाचं वेळापत्रक पुरेसं आधी सांगावं म्हणजे माणसाला स्वतःचं आणि घरचं नियोजन करता येईल. त्याच करारात असंही आहे की टिप मिळो न मिळो, मूळ पगार नियमित मिळालाच पाहिजे. 'टिप्स मिळतात की तुम्हाला' हे स्टायपेंड थकलं की ऐकवलं जाणारं वाक्य ज्यांना ज्यांना ऐकायला मिळालंय त्यांना हे कळावं म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि 2023 च्या जूनमध्ये याच संघटनेनं दर्जेदार ॲप्रेंटिसशिपबद्दल शिफारस क्रमांक 208 मंजूर केली, लेखी करार हवा, योग्य मोबदला हवा, सुरक्षितता हवी, काय शिकायचं ते ठरलेलं हवं, असं सगळं. शिफारस आहे ती, बंधनकारक नाही, माहितीये मला, आणि ती वाचून कुणा हॉटेलवाल्याची झोप उडाली असेल असंही मला वाटत नाही. पण शिकाऊ म्हणजे स्वस्तातला हात, हा समज फक्त आपल्यासारख्या चार जणांना खटकतो असं नाही एवढं तरी त्यातनं कळतं.

जर्मनीत हॉटेलची ॲप्रेंटिसशिप साधारण तीन वर्षांची असते, काही वेळ हॉटेलात आणि काही वेळ व्यवसाय शाळेत, आणि पोरांना एक नोंदवही ठेवावी लागते, काय केलं काय शिकलो ते लिहायचं, शिकवणारा ते बघून सही करतो, आणि ती वही नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसू देत नाहीत. तिथंही सगळे साधुसंत नसणार, तिथंही कुणीतरी महिनाअखेरीस एकदम सह्या करत असेलच, माणसं आहेत. पण वहीला किंमत आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांसाठी वही म्हणजे निघायच्या दिवशीचं नो-ड्यूज, काही देणंघेणं उरलं नाही असा सह्यांचा कागद.

आता तुम्ही काय म्हणणार ते मला पाठ आहे, कारण मी पण म्हटलेलं आहे. वेळ कुठंय? खरंय, माझ्याकडे एका शिफ्टला एका अटेंडंटला पंधरा-सोळा रूम्स येतात, दोन जण सुट्टीवर असले की आणखी, त्यात शिकाऊला बरोबर दिलं तर तिचा वेग अर्ध्यावर येतो आणि शिव्या मला बसतात. मग मी काय करते, शिकाऊलाच स्वतंत्र रूम्स देते, तिसऱ्या दिवसापासून. म्हणजे ज्याला शिकवायला वेळ नाही त्याच्याकडून काम मात्र पुऱ्या माणसाचं. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. शिकाऊला माणसांच्या गणतीत धरूनच रोस्टर बनत असेल तर वेळ कधीच मिळणार नाही, आणि तो रोस्टर वरचे बनवत नाहीत, आपण बनवतो.

दुसरं, ही पोरं टिकतच नाहीत, शिकवून काय उपयोग, सर्टिफिकेट घेतात आणि क्रूझवर नाहीतर कॉल सेंटरला जातात. जातात ना. पण मी ज्यांना विचारलं त्यातलं एकही काम जड आहे म्हणून गेलं असं म्हणालं नाही. आपण इथं हमाल होतो, असं म्हणाली. 

आणि तिसरं, आम्ही पण असेच शिकलो. यावर मी काय बोलणार, मी 11 दिवस टॉवेल मोजलेली बाई आहे. असेच शिकलो म्हणूनच तर दीड वर्ष उशिरा शिकलो.

मागणं फार नाही माझं. रोज दहा मिनिटं, ब्रीफिंगला जोडून किंवा शिफ्ट सुटताना, एकच गोष्ट आणि तिचं कारण. केमिकल, सुऱ्या आणि आग यांचं पहिल्याच दिवशी, युनिफॉर्म द्यायच्या आधी. रोटेशनची तारीख उलटली तर त्या हेडनं जीएमला (जनरल मॅनेजरला) लेखी सांगायचं की मी का सोडलं नाही, तोंडी नाही, लेखी, बघा मग किती सीझन संपतात ते. आणि जे शिकवलं नाही त्याच्यापुढे सही करायची नाही. जागा रिकामी राहू दे, रिकामी जागा दिसली की कॉलेजवाले विचारतील, विचारू देत. एचआरवाल्यांनी वही शेवटच्या दिवशी न मागता दर पंधरा दिवसांनी मागितली तर आमची पंचाईत होईल, पण मागाच.

शिकाऊ पोरापोरींनो, हे पत्र तुम्हाला नाही पण तुम्ही वाचणारच, तर तुम्हीही सीनियरच्या वहीतनं उतरवणं बंद करा. आणि विचारत जा. पहिल्यांदा ओरडतील, दुसऱ्यांदा सांगतील, आमचा अनुभव आहे.

त्या पोराला मी बुधवारी परत बोलावलं. वही उघडली आणि दोघांनी बसून एकेक ओळ बघितली, हे केलंस का, हे कुणी दाखवलं का. 31 ओळींवरची माझी सही मी खोडली, बाजूला लिहिलं 'शिकवायचं राहिलंय' आणि खाली पुन्हा सही केली. त्याचा चेहरा उतरला, त्याला वाटलं आता कॉलेजात लटकणार. त्याचे अजून दोन आठवडे शिल्लक आहेत. कॉलेजला मीच मेल टाकलाय, चूक आमची असं स्पष्ट लिहून. आज तीन वाजता लंच आणि डिनरच्या मधल्या वेळात तो लॉस्ट अँड फाउंडचं रजिस्टर शिकायला येतोय, आणि मला आत्ताच जीएमचा फोन आला की तीनला मीटिंग आहे. मी साडेतीनला येते म्हणून सांगितलंय.

तुमचीच,
एक हाउसकीपिंगवाली